भाईंचा खोकला आणि पेद्रूचं धुराडं

तारकर्लीच्या भाई खोबरेकरांनी एसटीत चौतीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी ब्लडप्रेशर करून घेतलं, असं त्यांची बायको सुभद्रा सगळ्यांना सांगायची. मालवणच्या डॉक्टर शर्मिला सावंतांनी रोज सकाळी एक अशी पांढरी गोळी लिहून दिली. भाई ती सात दहाला घेत. सात दहा ही त्यांच्या पहिल्या गाडीची वेळ होती. गाडी कधी सुटली नव्हती तर गोळी कशी सुटेल?

गोळी सुरू होऊन दोनेक महिने झाले आणि भाईंना खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. घशाच्या तळाशी कोणीतरी कोंबडीचं पीस फिरवतंय, असा कोरडा खोकला. आधी एक बारीक, वर चढणारा आवाज, मग खाली आपटणारा दुसरा. दिवसातून शंभर वेळा.

कारण भाईंनी त्याच दिवशी संध्याकाळी शोधून काढलं. कारण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे राहत होतं आणि त्याचं नाव पेद्रू फर्नांडिस होतं.

पेद्रूने सव्वीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केला होता. जगातल्या सगळ्या बंदरांत गार पाण्याने आंघोळ करून त्याला कंटाळा आला होता. घरी परतल्यावर त्याची एकच चैन उरली. मागच्या न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं भाणं, खाली नारळाच्या सोडणांचा जाळ, आणि अंग भाजेल असं पाणी. सोडणांचा धूर खाऱ्या वाऱ्यावर बसून भाईंच्या पडवीत यायचा. तो भाईंच्या आजोबांच्या काळापासून येत होता. पण आजोबांना खोकला नव्हता, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"पेद्रू, तुझो धूर माका खाता," भाई गडग्यावरून म्हणाले.

"धूर कसो खायत रे? धूर काय कावळो आसा?" पेद्रू म्हणाला.

इथून सुरुवात झाली. भाईंनी गावच्या समितीकडे अर्ज केला. कंडक्टरच्या सवयीने त्यात तारीख, वार, वाऱ्याची दिशा आणि खोकल्यांची संख्या लिहिली. समितीचे तिघे एका सकाळी भाईंच्या पडवीत येऊन बसले आणि चहा पीत धुराची वाट पाहू लागले. धूर आला. भाई अकरा वेळा खोकले. समितीतल्या एकाला ठसका लागला, तो चहाचा होता, पण तोही पेद्रूच्या खात्यावर गेला. निकाल भाईंच्या बाजूने लागला. धुराची काही सोय होईपर्यंत पेद्रूने जाळ करायचा नाही.

पेद्रूने दोन महिने थंड पाण्याने आंघोळ केली. त्याला ताप आला, अंग धरलं, त्याची बायको जेसिंता चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. भाई खोकतच होते.

"धूर भिंतीत मुरलो आसा," भाईंनी सांगितलं. मग भिंतींना नवा चुना दिला. भाई खोकतच होते. "आता कौलांत आसतलो." कौलं उतरवून धुतली. सुभद्रा एकदा म्हणाली, "अहो, तुमच्या पोटात पेद्रू मुरलो आसतलो, तो काडा आधी." भाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ज्या माणसाने अर्ज जिंकलेला असतो, त्याला बायकोचं ऐकू येत नाही.

शेवटी पेद्रू संतापला. बोटीवरच्या जुन्या मित्राकडून त्याने लोखंडी पाइप आणले आणि न्हाणीवर धुराडं उभं केलं. पस्तीस फुटांचं. माडाच्या निम्म्यापर्यंत जाईल इतकं. चार तारांनी ताणून बांधलं, आणि बोटीच्या धुराड्याला असतात तसे लाल-पांढरे पट्टे दिले. त्यातून धूर निघायचा तो थेट वर जाऊन समुद्राकडे वळायचा. भाईंच्या घराचा आणि त्या धुराचा आता काडीचाही संबंध राहिला नव्हता.

भाई खोकतच होते. फक्त आता कोणाकडे बघून खोकावं, हे त्यांना कळत नव्हतं.

धुराड्याचं मात्र बरं चाललं. पर्यटक रस्त्यावर थांबून फोटो काढू लागले. एका रिक्षावाल्याने ते लाइटहाउस आहे असं सांगितलं, दुसऱ्याने पोर्तुगीजांच्या काळातलं आहे म्हणून सांगितलं. जेसिंताने गेटपाशी टेबल मांडून कोकम सरबत विकायला सुरुवात केली.

याच दिवसांत भाईंच्या सुनेची परीक्षा जवळ आली.

सून स्वप्ना खारेपाटणची. तिचा नवरा अजय, म्हणजे भाईंचा मुलगा, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचा. डॉल्फिन क्वचित दिसायचे, उलट्या मात्र न चुकता व्हायच्या, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर प्रत्येक जण विचारायचा, इथे मेडिकल कुठे आहे? अजयने मनावर घेतलं. बायको बारावी सायन्स झालेली होतीच. त्याने तिला कणकवलीकडच्या एका कॉलेजात डी. फार्मसीला घातलं. पहिलं वर्ष ती सहज पास झाली. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र आलं आणि गाडी अडली. कुठलं औषध शरीरात काय करतं, कशावर देतात, आणि त्याने आणखी काय काय होतं. अशी शेकडो औषधं. स्वप्ना सकाळी पाठ करायची आणि दुपारपर्यंत सगळं गळून जायचं. सहामाहीत तिला शंभरपैकी एकोणीस मिळाले.

एका रविवारी ती पडवीत पुस्तक उघडं टाकून रडत बसली होती. भाई झोपाळ्यावर खोकत होते.

"काय झाला गो?"

"बाबा, हे रिसेप्टर मला या जन्मात कळणार नाहीत." स्वप्नाला मालवणी समजायची, पण बोलताना तिच्या तोंडून शाळेतलंच मराठी यायचं.

"ता काय आसता?"

"पेशीवरची जागा असते. औषध तिथे जाऊन बसतं."

"सीट."

"हो, पण नुसतं बसत नाही. ते बसलं की आत काहीतरी सुरू होतं."

"बेल वाजता."

स्वप्नाने डोळे पुसले. "आणि हे दुसरं बघा. हे ॲन्टागोनिस्ट. तेही त्याच जागेवर जातं, पण करत काहीच नाही. हे मी तीनदा वाचलं. काहीच करत नाही तर मग त्याला औषध कशाला म्हणायचं?"

"रुमाल," भाई म्हणाले.

"काय?"

"खिडकीतसून टाकलेलो रुमाल. माणूस बसाक नाय, बेल वाजाक नाय, पण सीट गेली. दुसऱ्याक बसाक गावना नाय. बरोबर?"

स्वप्नाने घाईघाईने पान उलटून वाचलं. "इथे लिहिलंय की मूळ पदार्थाचं प्रमाण खूप वाढवलं तर याचा परिणाम मोडता येतो."

"येतलोच," भाई म्हणाले. "चतुर्थीच्या गर्दीत कोण मानता रुमाल? उचलतत आणि बसतत."

त्या दिवशी भाई दीड तास बोलले आणि तेवढ्यात फक्त बारा वेळा खोकले. पोटात गेलेली गोळी म्हणजे मालवणहून सुटलेली गाडी. कुंभारमाठ, चौके, कट्टा करत ती कसालला येते. कसाल म्हणजे लिव्हर. तिथे अर्धी गाडी रिकामी होते, म्हणून कणकवलीला चाळीस माणसं हवी असतील तर मालवणला ऐंशी चढवावी लागतात. छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची गोळी? ती कसालला जातच नाही. ती तारकर्लीहून देवबागला होडीने जाते, मध्ये कोणी अडवत नाही. आणि ॲस्पिरिन? स्वप्नाने वाचलं की ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींवर एकदा बसलं की त्या पेशीच्या आयुष्यभर सुटत नाही. भाई म्हणाले, "तो सीटवर वेल्डिंग करून बसता. गाडी भंगारात जाय तोवर." स्वप्नाने वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशी तिला ते सगळं जसंच्या तसं आठवत होतं.

मग भाईंनी घरापुढच्या खळ्यात प्लास्टिकच्या आठ खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत मांडल्या आणि जुनी पितळी शिट्टी शोधून काढली. रोज संध्याकाळी पाच ते सात अभ्यास. सुभद्राला प्रवासी व्हावं लागलं. स्वयंपाकघरातून तिला बोलावून घ्यायचे, "गो, येवन ॲड्रिनलिन हो," आणि ती ओले हात पदराला पुसत येऊन खुर्चीवर बसायची. कधी कधी भाजी फोडणीला टाकलेली असायची. ॲड्रिनलिन मध्येच उठून जायची आणि करपलेल्या वासासकट परत यायची.

मासे विकणारी मथुरा त्याच सुमारास उरलेली टोपली घेऊन यायची. पाय दुखायचे म्हणून ती मागच्या सीटवर टेकायची आणि मग उठायला तयार नसायची. तिलाही काम मिळालं. कधी ती साखर असायची, कधी सोडियम. तिला त्यातलं काही समजत नव्हतं, पण आपल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे तिने ओळखलं होतं.

औषधांची नावं भाईंनी आडनावांवर लावली. शेवटी 'लोल' येतं ते एक घराणं, हृदयाचा वेग कमी करणारं, सावकाश चालवणारे ड्रायव्हर. शेवटी 'प्रिल' येतं ते दुसरं. 'सार्टन' तिसरं. "आमच्याकडे कसे केळुसकर, पेंडुरकर," भाई म्हणाले, "आडनावान गाव कळता, तसाच हा."

परीक्षेला दीड महिना राहिला तेव्हा प्रिल घराण्याची पाळी आली.

त्या संध्याकाळी भाई स्वतः खळ्यातल्या कसालच्या तिठ्यावर उभे होते. पुस्तकातल्या एका एन्झाइमचं काम त्यांच्याकडे होतं. स्वप्ना वाचून दाखवत होती.

"बाबा, तुम्ही चेकर. तुमची दोन कामं. पहिलं, आई येतील. त्या अँजिओटेन्सिन एक. त्यांना तुम्ही दोन करायचं. दोन झालं की रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर वाढतं."

सुभद्रा आली. भाईंनी शिट्टी फुंकली. सुभद्रा दोन झाली आणि पुढच्या खुर्चीवर बसली.

"दुसरं काम. मागे मथुराकाकी आहे, ती ब्रॅडीकायनिन. तिला तुम्ही गाडीतून उतरवायचं."

"उतर गो," भाई म्हणाले.

"माजे पाय दुकतत," ब्रॅडीकायनिन म्हणाली. भाईंनी तिला हाताला धरून उतरवलं.

"आता गोळी आली. प्रिल. ती चेकरलाच बांधून ठेवते. बाबा, हाताची घडी घाला आणि जागचे हलू नका." भाई हाताची घडी घालून उभे राहिले. "आता आई आल्या तरी त्यांची दोन होत नाही. प्रेशर खाली. म्हणून ही गोळी ब्लडप्रेशरवर देतात."

"बरा आसा," भाई म्हणाले.

"पण काकीला उतरवणारंही कोणी नाही. ती बसून राहणार. तिच्यासारख्या आणखी चढणार. गाडीत ब्रॅडीकायनिनची गर्दी होणार."

"मगे?"

"मग काही रुग्णांना..." स्वप्नाचं बोट ओळीवर थांबलं. तिने एकदा मनात वाचलं आणि मग हळू आवाजात मोठ्याने. "काही रुग्णांना कोरडा, चिवट खोकला होतो. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी."

भाई खोकले. आधी बारीक, वर चढणारा. मग खाली आपटणारा.

मथुराने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. सुभद्रा उठली, घरात गेली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आली. तिने ती स्वप्नाकडे दिली. स्वप्नाने मागची बारीक अक्षरं वाचली. एनालाप्रिल.

"छापण्यात चूक आसतली," भाई हाताची घडी तशीच ठेवून म्हणाले.

"कुठे, पुस्तकात की पट्टीवर?"

भाईंनी समोर बघितलं. माडांच्या मधून लाल-पांढरं धुराडं संध्याकाळच्या उन्हात चमकत होतं. रस्त्यावर दोन पर्यटक त्याच्याकडे बोट दाखवत होते. चौतीस वर्षांत भाईंनी कधी भलत्या प्रवाशाला गाडीतून उतरवलं नव्हतं. आता मात्र पेद्रूला उतरवलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "उद्यापासून ही गोळी बंद."

"अजिबात नाही," स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की सुभद्राही चमकली. "आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. आधी डॉक्टर. हे पहिल्या पानावर आहे."

दुसऱ्या दिवशी सात दहाला गोळी घेऊन भाई मालवणला गेले. डॉक्टर सावंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आठ महिने खोकताय? तुम्ही तीन वेळा तपासायला आलात. मी दर वेळी विचारलं, आणखी काही त्रास? तुम्ही नाही म्हणालात."

"खोकलो पेद्रूचो होतो, डॉक्टर. तो तुमका कित्याक सांगू?"

"माझ्यासमोर एकदाही खोकला नाहीत."

"दाबून धरी. दवाखान्यात खोकणा बरा दिसना नाय."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले, नवीन कागद घेतला. "गोळी बदलून देते. टेल्मिसार्टन."

"सार्टन!" भाई पुढे सरकले. "म्हणजे रुमालवालो. तो चेकरक हात लावणा नाय. चेकर आपला काम करता, बर्डीकायनी उतरता. ह्यो पुढे जावन दोन नंबरच्या सीटवर रुमाल टाकता. म्हणून खोकलो नाय."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाहेर अकरा पेशंट थांबले होते. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"सून शिकता, मी गाडी चालवतंय," भाई म्हणाले.

तीन आठवड्यांत खोकला विरळ होत होत गेला. एका सकाळी भाई उठले, तोंड धुतलं, चहा प्याले, गडग्यापर्यंत फेरी मारून आले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण खोकलो नाही. खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. पण आता पेद्रूला काय सांगायचं? गडग्यापलीकडे पेद्रू धुराड्याच्या तारा ताणत होता. तो वळून बघेल म्हणून भाई चटकन खोकले.

पुढे हेच चाललं. घरात भाई मोकळे, बाहेर पडले की खोकला. बाजारात माणसं विचारायची, "भाईनू, अजून बरा नाय?" आणि भाई मान हलवून दोनदा खोकायचे. पेद्रूच्या गेटवरून जाताना तर चांगले चार. खोटा खोकला खऱ्यापेक्षा घसा जास्त सोलतो, हे त्यांना तेव्हा कळलं. रात्री सुभद्रा मधाचं पाणी करून द्यायची आणि म्हणायची, "खऱ्याक औषध गावला, आता खोट्याक खंयचा आणू?"

पण जेसिंता चर्चच्या गायकांची गाणी बसवायची. तिच्या कानातून सूर सुटत नसे. सरबताच्या टेबलाशी बसून तिने आठवडाभर भाईंचा खोकला ऐकला आणि एका दुपारी नवऱ्याला हाक मारली.

"पेद्रू, ह्यो खोकलो तो न्हय."

"म्हणजे?"

"आदलो दोन सुरांचो होतो. वयर आनी सकयल." तिने बोट वर नेऊन खाली आणलं. "ह्यो एकाच सुराचो. तो आमका खोकून दाखयता."

पेद्रू गेटबाहेर आला. भाई नुकतेच चार खोकून पुढे गेले होते. "भाई," त्याने हाक मारली, "मागे ये आणि परत खोक बघू."

भाई मागे आले. त्यांनी तोंड उघडलं. दोन सूर काही केल्या निघेनात. रस्त्यावर सरबत पिणारी एक पुण्याची बाई ग्लास हातात धरून बघत राहिली. भाईंनी तोंड मिटलं, चप्पल काढली, पेद्रूच्या अंगणात आले आणि पायरीवर बसून सगळं सांगितलं. एन्झाइम, ब्रॅडीकायनिन, मथुरा, पट्टीमागची बारीक अक्षरं, काहीही वगळलं नाही.

पेद्रूने वर धुराड्याकडे बघितलं.

"म्हणजे माजो धूर निर्दोष."

"निर्दोष."

"आणि मी दोन म्हयने थंड पाण्यान न्हालंय."

"न्हालंस."

"धुराडा मी मोडूचंय नाय हां," पेद्रू एकदम म्हणाला. "लोका बघूक येतत. माका तेचो अभिमान आसा. पण थंड पाणी मी विसराक नाय. माका ताप इल्लो, भाई. मरतंय की काय असा वाटला. आणि तू गडग्यार उभो रवान खोकत होतंस."

भाईंनी मान खाली घातली. "काय करू सांग."

"तू पण न्हा. तितकेच दीस."

भाईंनी दिवस मोजले. एकसष्ट. कंडक्टर म्हणून त्यांना हे पूर्ण पटलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते विहिरीवर उभे राहून गार पाण्याच्या पाच कळशा अंगावर घेऊ लागले आणि गडग्यापलीकडे पेद्रू गरम पाण्याने न्हाऊन, टॉवेल खांद्यावर टाकून, साक्षीला उभा राहू लागला. थंडीचे दिवस होते. भाई ओरडायचे तेव्हा माडावरचे कावळे उडायचे. पर्यटकांना तोही कुठलातरी विधी वाटला आणि एक-दोघांनी वेळ विचारून घेतली. एकोणिसाव्या दिवशी भाई एवढे शिंकले की जेसिंताच गडगा ओलांडून आली. ती नवऱ्याला म्हणाली, "बस झाला. तेका न्युमोनिया झालो तर लोका तो खराच तुज्यामुळे झालो म्हणतले." पेद्रूने तिथल्या तिथे बाकीची शिक्षा माफ केली आणि आपल्या भाण्यातलं गरम पाणी बादलीभर पाठवून दिलं.

याच एकोणीस दिवसांत स्वप्नाची परीक्षा झाली. लेखी बरी गेली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे, जाड भिंगांचे एक परीक्षक होते. त्यांनी ॲन्टागोनिस्ट म्हणजे काय विचारलं. स्वप्नाने व्याख्या धडाधड म्हटली. "कळलंय की पाठ केलंय?" त्यांनी विचारलं. घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "रुमाल टाकतो, सर." परीक्षकांनी भुवया उंचावल्या, आणि तिला रुमालापासून कसालच्या चेकरपर्यंत सगळी गाडी न्यावी लागली. ते मध्ये एकदाच बोलले. "पण दोन रुमाल एकाच सीटवर पडले तर?"

"तर भांडण, सर. म्हणून दोन औषधं एकत्र देताना आधी बघायचं."

परीक्षकांनी वही पुढे ओढून काहीतरी लिहिलं. मग तिला थांबवून विचारलं, "कसालला गाडी किती वेळ थांबते? मला संध्याकाळी मालवणला जायचंय."

औषधशास्त्रात तिला एकाहत्तर मिळाले. पुढचं प्रशिक्षण, नोंदणी वगैरे अजून बाकी आहे, आणि ते झाल्यावर अजय दुकान घालणार आहे. तिने एकच अट घातली आहे. भाईंनी गल्ल्याच्या आत पाऊल ठेवायचं नाही. कारण मधल्या काळात भाईंनी चार जणांना त्यांच्या गोळ्यांचे दुष्परिणाम समजावून सांगितले आणि चौघांनाही दुसऱ्या दिवशी ते सगळे झाले होते. त्यातल्या एकाने तर गोळी आणलीही नव्हती.

भाईंनी हे मनाला लावून घेतलं. आता कोणी काही विचारलं तर ते हात वर करतात. परवा दुपारी पेद्रू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन गडगा ओलांडून आला. डब्यात त्याच्या आणि जेसिंताच्या सगळ्या गोळ्या होत्या. साखरेच्या, गुडघ्याच्या, आणि दोन पट्ट्या कशाच्या हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"वाच," तो म्हणाला.

"माका अधिकार नाय," भाई म्हणाले. "स्वप्ना साडेपाचच्या गाडीन येतली. ती वाचतली आणि मगे डॉक्टराक विचारूया."

"तोवर?"

"तोवर बस."

दोघे पडवीत बसले. डबा मधल्या बाकावर. गाडीला उशीर झाला होता. पेद्रूने एकदा झाकण उघडून आत बघितलं आणि परत लावलं. भाईंनी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, साखर घालू नको. मग थोडा विचार करून म्हणाला, थोडी घाल.